अलास्कातल्या होमरला पहिल्यांदाच हॅलिबट (समुद्राच्या तळाशी राहणारा मोठा चपटा मासा) धरायला जाताय?

जुलैतलं अलास्का, बेत झकास आहे! मासेमारीचं लायसन्स आधीच काढा. किंग सॅमन मासाही धरायचा तर वेगळा स्टॅम्प, म्हणजे जादा परवाना, लागतो. बोट लागण्याची गोळी निघण्यापूर्वीच घ्या, पोटात ढवळायला लागल्यावर फारसा उपयोग नाही. उन्हाळा असला तरी रेनकोट आणि लोकरीची टोपी हवीच.

नवखे चुकतात ते हॅलिबटला. तळाशी हेरिंग या छोट्या माशाचं आमिष असतं, काठीच्या टोकाला टकटक जाणवते आणि हात आपसूक हिसका देतो. गोल गळाला हिसका चालत नाही, तोंडातून निसटतो. माझे पहिले दोन मासे असेच गेले. थांबा. काठी वाकून जड झाली की सावकाश रीळ फिरवा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप रुततो.

काठी-रीळ आत्ता विकत घेऊ नका, चार्टर बोटीवर (मासेमारीसाठी भाड्याने नेणाऱ्या बोटीवर) मिळतं.