घरून काम: मंजुरी कागदावर आहे का ते आधी बघा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनी सल वर आली. आई-वडील नाशकात, कंपनी पुण्यात हिंजवडीला, घरून काम सुरळीत चाललेलं, आणि आता एकदम ‘आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या’ असा मेल. मी याच कात्रीत सापडले होते.

रागाच्या भरात राजीनामा देऊ नका वगैरे तुम्हाला कळतंच. मला विचारायचंय ते एवढंच, की तुमची मंजुरी नेमकी कुठे लिहिलेली आहे? मला मॅनेजर ‘तू नाशिकहूनच कर’ म्हणाले होते, एचआरनेही फोनवर हो म्हटलं होतं. नियम बदलल्यावर कंपनीच्या पोर्टलवर तिकीट, म्हणजे लेखी विनंती, टाकलं. उत्तर आलं, मॅनेजरची मंजुरी जोडा. जोडली. मग म्हणे, मॅनेजरला तो अधिकारच नाही, वरच्या साहेबांना विचारा. साहेब म्हणाले, हे एचआरचं काम. आणि एके सकाळी तिकिटासमोर हिरव्या अक्षरांत ‘रिझॉल्व्ह्ड’, म्हणजे प्रश्न मिटला! कारण नाही, फोन नाही. तोवर हजेरीत माझे घरचे दिवस गैरहजर पडत गेले, रजा संपल्या, पगार कापला गेला. काम रोज जात होतं, क्लायंटची एक तक्रार नव्हती. याची चीड मला आजही येते. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणा, माणूस आपली सोय तरी बघेल.

म्हणून आजच मॅनेजर आणि एचआर दोघांना एकाच मेलवर घ्या, काय ठरलं होतं ते लिहा आणि लेखी उत्तर मागा. निर्णय होईपर्यंत हजेरी कशी धरणार, हेही त्यातच विचारा. मी वकील नाही, पण नेमणूकपत्रात ‘कंपनी कुठेही बदली करू शकते’ असं वाक्य बहुतेक असतंच, ते आधी शोधा. कायद्याचा आधार फार नाही. मातृत्व लाभ कायद्यात 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाच्या रजेनंतर घरून कामाची तरतूद आली, पण तीही दोघांच्या संमतीनेच.

जावंच लागलं तर तीन दिवस सलग मागा. मुंबईला जाणाऱ्यांना निदान पंचवटी एक्सप्रेस आहे. पुण्याला सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत दोनशेवर किलोमीटर, वर चाकणची कोंडी. रोजचं जाणं-येणं अंगावर काढू नका, पाठ आणि झोप दोन्ही जातात. तिकडे राहायला भाड्याने एखादी कॉट बघा, पण घराचा अकरा महिन्यांचा करार एवढ्यात करू नका.

दुसरीकडे बघणार असाल तर ‘कामाचं ठिकाण: नाशिक’ हे ऑफर लेटरमध्येच छापून घ्या. पॉलिसीची लिंक पाठवतो म्हणाले तर ऐकू नका, पॉलिसी ते कधीही बदलतात. माझ्या आत्ताच्या पत्रात ती ओळ आहे. त्यासाठी पगार थोडा कमी घेतला, आणि मला तो सौदा पटतो. घरी कर्जाचा हप्ता असेल तर तुमचं गणित वेगळं निघेल.

पत्रातला बदलीचा मुद्दा कंपनीचं नाव गाळून इथे टाका, बघून सांगते.