पूर्ण समर्पण म्हणजे नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत जाणे का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. ख्रिस्ती जीवनात पूर्ण समर्पणासाठी नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत उतरावेच लागते का, आपले समर्पण खरे आहे हे कसे ओळखावे, आणि शेवटी, जणू सहज आठवले म्हणून, ‘घरच्यांची अडचण देवावर सोपवून पुढे जावे का?’ पहिल्या दोन प्रश्नांवर आपले पाळक साहेब माझ्यापेक्षा चांगले बोलतील. मी लिहायला बसले ती तिसऱ्या प्रश्नामुळे.

तरीही पहिल्याचे उत्तर देते. नोकरी सोडावी लागत नाही. आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून देवाला वाहावी ही विनंती प्रेषित पौलाने रोमच्या सगळ्या मंडळीला केली, केवळ तिच्या सेवकांना नव्हे. आणि स्वतः पौल करिंथात राहुट्या करून पोट भरत होता. पूर्णवेळ सेवा हे एक पाचारण आहे. तिला समर्पणाची वरची पायरी समजणे ही आपल्या मंडळ्यांची जुनी चूक आहे, आणि मी ती चूक अंगावर सोसली आहे.

माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांच्या पेन्शनमधून दादाच्या बायबल प्रशिक्षणाची फी जात असे, आणि ती देताना त्यांना अभिमान वाटे. मीही तेविसाव्या वर्षी त्याच वाटेने जायचे ठरवले होते. प्रवेशाचे पत्र हातात आले, त्याच्या दोन महिने आधी वडिलांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आईला मधुमेह होता, डोळ्यांनी अंधुक दिसे. मी येऊ शकत नाही असे कळवले आणि गावाजवळच्या शाळेत नोकरी धरली. दादा तेव्हा प्रशिक्षण संपवून परराज्यात सेवेला निघाला होता. तो गेला.

पुढची नऊ वर्षे मी वडिलांना दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवत होते, कारण न वळवल्यास पाठीला जखमा होतात आणि त्या सहजी भरून येत नाहीत. रविवारच्या उपासनेला मी वर्षातून पाच-सहा वेळाच पोहोचत असे. वडिलांना ‘पाणी’ हा शब्द उच्चारता येत नव्हता, पण मी संध्याकाळी गीत म्हणू लागले की ते शब्दांसकट सोबत म्हणत. पक्षाघाताच्या काही रुग्णांचे असे होते, बोलणे जाते आणि गाणे उरते, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावले. तेव्हा मात्र खाटेवरचे वडील, दाराशी बसलेली आई आणि मी एवढीच आमची मंडळी होती, आणि त्या मंडळीत मी कधी एकटी पडले नाही.

तिसऱ्या वर्षी नाताळात दादा चार दिवसांसाठी आला. चर्चमध्ये त्याने साक्ष दिली की आपण प्रभूसाठी घरदार आणि आईवडील सोडले. त्याच दुपारी मी ओसरीसमोर वडिलांच्या चादरी धूत असताना तो म्हणाला, ‘नांगराला हात घालून तू मागे पाहिलेस. रेव्हरंड टिळकांनी पगार सोडला, तुला घर सोडवले नाही.’ मी काहीच बोलले नाही. चादरी पिळल्या आणि वाळत घातल्या.

आज बोलते. दादाचा आधार असलेली वचने मलाही पाठ आहेत. आधी बापाला पुरून येतो म्हणणाऱ्याला ‘मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे’ हे प्रभूनेच म्हटले आहे. पण मार्कच्या सातव्या अध्यायात त्याच प्रभूने, आईवडिलांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे सांगून हात झटकणाऱ्यांना स्पष्ट दोष दिला आहे. अरवना नावाच्या यबूशी माणसाने दावीद राजाला वेदीसाठी खळे आणि बैल फुकट देऊ केले, तेव्हा दाविदाने पन्नास शेकेल रुपे मोजून ते विकत घेतले, कारण ज्यांची आपल्याला काहीच किंमत पडली नाही असे होमबली तो देवाला अर्पण करायला तयार नव्हता. आईवडील सोडल्याची किंमत दादाला पडली नव्हती. ती वडिलांना पडली, आईला पडली, मला पडली. दुसऱ्याच्या वाट्यातून काढलेले अर्पण वेदीवर ठेवता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. आणि वधस्तंभावर, जिथे समर्पणात काही उरलेच नव्हते, तिथेही येशूने आपल्या आईला आपल्या प्रिय शिष्याच्या हाती सोपवले.

टिळकांचे उदाहरण देणारे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना विसरतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला, आणि १९१९ मध्ये ते गेले. त्यांची भक्ती खरी होती, त्यांची भजने गातच मी वाढले. पण त्या प्रत्येक पावलाची झळ लक्ष्मीबाईंनी सोसली, आणि तो हिशेब मांडल्याशिवाय टिळकांच्या त्यागाविषयी कोणी मला ऐकवू नये.

खरे समर्पण कसे ओळखावे, याविषयी मी पंडिता रमाबाईंकडे पाहते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, पण आपल्याला तेव्हा धर्म मिळाला, ख्रिस्त काही वर्षांनी मिळाला, अशी साक्ष त्यांनीच दिली आहे. पुढे दुष्काळात सापडलेल्या मुली त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या, म्हणजे त्यांचे जेवण, आजारपण आणि शिक्षण आयुष्यभरासाठी पत्करले. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती मुलगी, वारली. तरी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी टाकले नाही आणि ५ एप्रिल १९२२ रोजी प्राण सोडण्यापूर्वी ते पुरे केले. दररोज वधस्तंभ उचलावा असे लूक लिहितो, त्यातल्या ‘दररोज’ या शब्दाचा अर्थ मला रमाबाईंमुळे कळला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. दादाचे पाचारण खोटे होते असे मी म्हणत नाही. ज्या आदिवासी पाड्यांवर त्याने तीस वर्षे काढली, तिथे आज साक्षर मुले आहेत, आणि त्यांना दादाचा आधार होता. माझ्याही मनात त्या नऊ वर्षांत कडवटपणा होता. काही रात्री मी वडिलांना वळवले ते प्रेमाने नव्हे, केवळ कर्तव्य म्हणून. त्यामुळे घरी राहिलेला प्रत्येक जण समर्पित असतो, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ कृपया घेऊ नये.

आपण मात्र राजीनामा लिहिण्यापूर्वी घरी जा. महिन्याचा किराणा, औषधे, कर्जाचा हप्ता हे सगळे कागदावर मांडा आणि आपल्यानंतर त्यातले कोण काय उचलणार, हे त्या माणसाला समोर बसवून विचारा. दादाने मला विचारले असते तर मी त्याला जा म्हटले असते. वडिलांनीही डावा हात हलवून तेच सांगितले असते. त्याने आम्हा दोघांनाही विचारले नाही.