३० अंशांवरून ४२ वर नेलं की ई. कोलाय या जीवाणूची हीट शॉक जनुकं (उष्णतेच्या धक्क्यात पेशीला सावरणारी) इतक्या झटपट कशी चालू होतात?
सगळी मदार सिग्मा-३२ वर. आरएनए पॉलिमरेजला (जनुकाची आरएनए प्रत काढणाऱ्या एन्झाइमला) हीट शॉक प्रमोटरवर, म्हणजे या जनुकांच्या सुरुवातीच्या डीएनए-खुणेवर, नेऊन बसवणारं प्रथिन हेच. ३० अंशांना त्याच्या एमआरएनएचा (प्रथिन बनवायच्या आरएनए प्रतीचा) सुरुवातीचा भाग स्वतःवरच दुमडलेला असतो, प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमला नीट बसता येत नाही. ४२ ला ती घडी सुटते. म्हणजे तापमापक एमआरएनएतच! शिवाय एरवी डीएनएके-डीएनएजे ही चॅपेरोनांची (बिघडलेली प्रथिनं सावरणाऱ्या प्रथिनांची) जोडी सिग्मा-३२ ला धरून ठेवते आणि एफटीएसएच हे प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम) त्याचा फडशा पाडतं. अर्धायुष्य जेमतेम १ मिनिट. उष्णतेने बिघडलेल्या प्रथिनांत डीएनएके अडकलं की सिग्मा-३२ मोकळं. पातळी साधारण ५ मिनिटांत शिखरावर जाते, मग उतरते, त्यामुळे नमुना अर्ध्या तासाने घेतलात तर उसळी हुकलीच. बॅसिलस सबटिलिस या दुसऱ्या जीवाणूचा कारभार निराळा: तिथे एचआरसीए हा रिप्रेसर (जनुकं बंद ठेवणारं प्रथिन) असतो.