कासवांच्या पाठीवर यंत्र लावून ती कुठल्या जाळ्यात सापडतात हे कळतं का?

तुम्ही विचारलंय, गुहागरला माद्यांच्या पाठीवर उपग्रहाची यंत्रं चिकटवली, मग त्या कुठे चरतात आणि कुठे जाळ्यात सापडतात हे आपोआप कळायला नको का? अर्धंच कळतं.

मी गुहागरचा, चार हंगाम हॅचरीत, म्हणजे कासवांची अंडी जपतात तिथे, राबलोय. यंत्राची अँटेना पाण्याबाहेर आली तरच संदेश जातो. म्हणजे नकाशावरचा ठिपका ही कासव श्वास घ्यायला वर आलं ती जागा. खाली ते कुर्ल्या-कोळंबी खात होतं की नुसतंच वाट कापत होतं, ते ठिपका सांगत नाही. ठिपके बरेच दिवस एकाच पट्ट्यात घुटमळले की तिथे चरतंय असं धरायचं.

२०२२ मध्ये आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या पाच कासव-माद्यांना यंत्रं लावली, २०२३ मध्ये गुहागरला बागेश्री आणि गुहा या दोघींना. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, त्याचीच बातमी झाली. मला सुरुवातीचे दिवस महत्त्वाचे वाटतात. पुन्हा अंडी घालायची असली तर मादी दोन-चार आठवडे जवळपासच राहते. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे ट्रॉलर ऐन जोरात असताना. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. कासवांना तिचा काय उपयोग!

चरायची आणि जाळ्याची जागा जुळवणं दुसरीकडे जमलंय. न्यूझीलंडच्या ऑकलंड बेटांवरची सी लायन (सीलसारखा समुद्री प्राणी) मादी पिल्लाला पाजायला परत येतेच, म्हणून तिचा चरायचा टापू सापडला. स्क्विडचे ट्रॉलरही त्याच पाण्यात. जहाजांची नोंद होती, त्यामुळे प्राण्यांचा आणि जहाजांचा असे दोन नकाशे एकावर एक ठेवता आले. तिथे जाळ्यातच वर सुटकेचं तोंड ठेवतात. आपल्याकडे कासवांसाठी टेड, म्हणजे ट्रॉलरच्या जाळ्यातून कासव बाहेर पडावं म्हणून बसवायची चौकट, आहे तसंच.

आपला दुसरा नकाशा तांडेलांच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्यांच्या, डोक्यात आहे. माझा चुलतभाऊ दाभोळला तांडेल. कासव कुठे लागतं हे दादाला पक्कं ठाऊक, पण ती जागा सांगितली की मासळीची जागाही फुटते! त्याचं चुकतंय असं मी तरी म्हणणार नाही.

जाळं कापून कासव सोडलं तर २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते, पुराव्याला फोटो-व्हिडिओ लागतात. दादाला मी एवढंच म्हटलंय, व्हिडिओ काढताना मोबाइलचं लोकेशन चालू ठेव. "बघू," म्हणाला.