अणुबॉम्ब आणखी देशांकडे जायचा धोका खरंच आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. लोकांना वाटतं बॉम्ब चोरीला जाईल, पण खरी भीती टेक्नॉलॉजी विकली जाण्याची आहे. पाकिस्तानचा शास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान बघा, हा माणूस 70 च्या दशकात हॉलंडमध्ये नोकरीला होता, तिथून सेंट्रीफ्यूजची (म्हणजे युरेनियम बॉम्बच्या लायकीचं करणाऱ्या, जोरात फिरणाऱ्या यंत्रांची) डिझाइन्स घेऊन 1975 ला पाकिस्तानात परतला, तिकडे प्लांट उभा केला आणि नंतर तेच तंत्र इराण, लिबिया, उत्तर कोरियाला पुरवलं. दुबईत दलाल, मलेशियात पार्ट बनवणारा कारखाना, म्हणजे पूर्ण धंदाच होता हो! 2003 ला लिबियाला चाललेलं जहाज इटलीत अडवलं तेव्हा त्यात सेंट्रीफ्यूजचे पार्ट सापडले. 2004 ला खानने टीव्हीवर कबुली दिली आणि शिक्षा काय तर नजरकैद, याची मला अजूनही चीड येते.

दुसरं म्हणजे बॉम्ब सोडणाऱ्यांचं काय झालं ते बघा: लिबियाने अणुबॉम्बचा प्रोग्रॅम सोडला आणि 2011 ला त्यांचा हुकूमशहा गद्दाफी मारला गेला, युक्रेनने 1994 च्या करारानुसार सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं रशियाला दिली आणि 2014 ला त्याच रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला. हे सगळं बघितल्यावर उत्तर कोरिया बॉम्ब कशाला सोडेल, सांगा?