रिकामी वाटी कशी परत करू?

"आधी आई फोनवर फार बोलते म्हणून आम्ही वैतागायचो. आता पाच महिने झाले, तिचा फोन वाजत राहतो आणि ती नुसती बघत बसते."

समोर बसलेले गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, पुण्यातच नोकरीला. मांडीवर रिपोर्टांची फाईल. आई त्र्याहत्तर वर्षांची. वडील गेल्यावर, चार वर्षांपूर्वी, पुण्याला मुलाकडे आलेली. पूर्वी दुपारी जेवणं झाली की कुर्डुवाडीच्या जुन्या शेजारणींशी तास-तासभर बोलायची. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणी घर विकलं. अचानक ते सगळं थांबलं. जेवण कमी, झोप तुटक, गॅसवर दूध विसरली दोनदा. मुलाच्या मनात जो शब्द होता तो त्यांनी उच्चारला नाही, पण फाईलवर बोटं आपटत होती. डिमेन्शिया.

समुपदेशनाला माझ्याकडे हा विषय दर महिन्याला एकदा तरी येतो. लोक विचारतात, "आई-बाबा सारखे जुन्या गावात, जुन्या शेजाऱ्यांत रमतात, हे चांगलं लक्षण आहे का?" थोड्या वेळानं आवाज खाली आणून दुसरा प्रश्न येतो, "आणि आपल्या घरातलं त्या लोकांना किती सांगू द्यायचं?" पहिला प्रश्न बहुतेक वेळा दुसऱ्याला वाट करून देण्यासाठीच विचारलेला असतो. या घरातही तसंच निघालं, फक्त ते कळायला मला दोन भेटी लागल्या. (ही हकीकत त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. घरचे तपशील बदलले आहेत, गाव तेवढं खरं ठेवलं आहे, कारण या आईंचा, म्हणजे काकूंचा, आग्रह, "गाव बदललं तर ती गोष्ट माझी कशी राहील?")

पहिल्या भेटीत काकू फारसं बोलल्या नाहीत. मी कुर्डुवाडीचा विषय काढला तेव्हा मात्र पदर सावरून नीट बसल्या. 1972 साली, ऐन दुष्काळात, लग्न होऊन त्या रेल्वे क्वार्टर्समध्ये आल्या. यजमान वर्कशॉपात फिटर. बार्शी लाईटचे दिवस. 1897 साली सुरू झालेली ही अडीच फुटी रुळांची गाडी पुढे एका अंगाला लातूरपर्यंत आणि दुसऱ्या अंगाला मिरजेपर्यंत जात असे. आता तिथे सगळी ब्रॉडगेज. शेजारच्या क्वार्टरमध्ये गार्डचं कुटुंब. मध्ये एकच भिंत, मागं परसात एकच नळ. म्हणून ही फिटरवहिनी आणि ती गार्डवहिनी. तेहेतीस वर्षांत नावानं हाक मारायची वेळच आली नाही. (रेल्वेनं 2022 पासून गार्डला ‘ट्रेन मॅनेजर’ केलं आहे. पण ट्रेन मॅनेजरवहिनी असं कोण म्हणणार?)

त्या वर्षी रेशनवर मिलो मिळायची, परदेशी लाल ज्वारी. "तिची भाकरी थापायला घेतली की तुटायची. मी नवी नवरी, परातीपाशी रडत बसलेली. गार्डवहिनी भिंतीपलीकडून म्हणाल्या, अगं आधी उकड काढ की. आधण ठेव, त्यात पीठ घाल, मग मळ." हे सांगताना काकूंचे दोन्ही हात हवेत पीठ मळत होते.

एवढं लख्ख आठवतंय म्हणून मुलगा सुटकेच्या नजरेनं माझ्याकडे बघायला लागला. तिथं मला त्यांना थांबवावं लागलं. डिमेन्शियाच्या सुरुवातीला जुन्या आठवणी बऱ्याचदा शाबूत असतात; जातं ते कालचं-परवाचं. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीची भाकरी आठवते याला मी पुरावा मानत नाही. मी विचारलं, काल भाजी काय केली होती? काकू म्हणाल्या, "गवार. साठ रुपये पाव, आणि निम्मी जून निघाली." बोलता बोलता दिलेला हा हिशेब पुढे सुनेनंही बरोबर ठरवला. तरी फाईलमध्ये नसलेली श्रवणचाचणी करून घ्यायला सांगितली, कारण ऐकू कमी आलं की माणसं फोन टाळायला लागतात आणि घरच्यांना वाटतं विसरायला लागली. कान ठीक होते. थायरॉइड ठीक, बी-ट्वेल्व्ह जरा कमी, त्याचं औषध डॉक्टरांनी सुरू केलेलंच होतं. वृद्धांमधलं नैराश्य तपासण्याच्या पंधरा प्रश्नांच्या चाचणीत गुण काळजी करण्याइतके आले. मी मनात लिहून ठेवलं: वैधव्य, स्थलांतर, एकटेपणा. पुस्तकी उत्तर होतं, आणि अर्धवट होतं.

दुसऱ्या भेटीत त्या एकट्याच आत आल्या. मी विचारलं, "शेवटचा फोन कुणाचा होता?"

बराच वेळ त्या चष्म्याची काडी उघडझाप करत राहिल्या. मग म्हणाल्या, "गार्डवहिनींचा. त्यांचा धाकटा पितो. व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलाय. मला सांगताना रडल्या. त्यांच्या सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नाही. आणि मग त्यांनी विचारलं, फिटरवहिनी, तुमची नात कशी आहे? मी म्हटलं, मजेत आहे सासरी."

नात त्या वेळी पलीकडच्या खोलीत होती. आठ महिन्यांपासून माहेरीच होती, घटस्फोटाचा अर्ज कोर्टात होता. मुलानं आईला बजावलं होतं, कुर्डुवाडीच्या लोकांना यातलं काही कळता कामा नये.

"आमच्याकडं शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत," काकू म्हणाल्या. "काही नसलं घरात तर चार दाणे साखर घालायची. त्यांनी आपली वाटी भरून दिली, सगळ्यात झाकून ठेवलेलं दिलं. मी रिकामी परत केली. आता कुठल्या तोंडानं फोन उचलू?"

मी हे वाक्य माझ्या वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, आणि आधी लिहिलेल्या तीन शब्दांवर काट मारली.

खोटं बोलल्याचं ओझं त्यांना फारसं नव्हतं. तेहेतीस वर्षं चाळवजा क्वार्टर्समध्ये काढलेली बाई सोयीचं खोटं बोलायला शिकलेली असतेच. अडलं होतं ते देवाणघेवाणीत. घरच्यांना वाटतं, ही माणसं जुन्या आठवणी काढत बसतात. त्यांचे फोन मी थोडे लक्ष देऊन ऐकले आहेत. त्यात आठवण असते पाच मिनिटं. बाकी वेळ आज कुणाचं काय चाललंय हेच. ताजी खबर देता-घेता येते म्हणून जुनी आठवण निघते. खबर बंद केली की दोघींच्यात उरतं काय? मिलोची भाकरी किती वेळा सांगणार?

आठवणींत रमण्याचंही आपण उगाच भय घेतो. 1688 मध्ये योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांची घरओढ हा आजार म्हणून नोंदवला, ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द त्याचाच. पुढे 1963 मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं उलट मांडणी केली: म्हातारपणी आयुष्य पुन्हा चाळून बघणं हे मनाचं स्वाभाविक काम आहे. माझा अनुभव बटलरच्या बाजूचा. मी सावध होते ती वेगळ्या गोष्टींनी. तोच एक सल, तीच एक चूक रोज उगाळली जाते आहे का, एकच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा येतो आहे का, उदासी आणि अन्नावरची वासना उडणं दोन आठवडे हटत नाही का. तसं असेल तर डॉक्टर गाठा. कुणाजवळ जायची सोय नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक 14416 आहे, मराठीतही बोलता येतं. आवडती गोष्ट अचानक बंद पडली असेल तर तीही यातच धरा. फार बोलणाऱ्या आईपेक्षा गप्प झालेली आई मला जास्त काळजीची वाटते.

आता मुलगा. त्याला खलनायक करणं सोपं आहे, पण त्याची भीती खोटी नव्हती. "मॅडम, तुम्हाला ते गाव माहीत नाही. सकाळी नळावर निघालेली गोष्ट दुपारी वर्कशॉपात असायची. आता सगळे दौंड, सोलापूर, कल्याण, लातूरला पांगलेत, तरी फोन आहेतच. उद्या पोरीचं दुसरं स्थळ बघायचं झालं तर?"

मी म्हटलं, "बातमी कुणाची आहे?"

"म्हणजे?"

"घटस्फोट तुमच्या मुलीचा आहे. तो कुणाला सांगायचा हे तिला विचारलंय?"

विचारलं नव्हतं. बापानं ठरवलं, आईनं मान डोलावली, आजीला ताकीद मिळाली. ज्या सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या अब्रूसाठी हे चाललं होतं, तिला घरात आजी गप्प का झाली हेच ठाऊक नव्हतं. तिचा समज असा, की मी परत आले म्हणून आजी माझ्यावर नाराज आहे.

पुढच्या वेळी ती आली. फार सरळ मुलगी. म्हणाली, "मी लपवत नाहीये काही. ऑफिसात सगळ्यांना माहितीये. आजीनं सांगावं. फक्त का झालं ते सांगू नये, आणि माझे फोटो त्यांच्या ग्रुपवर टाकू नयेत."

एवढी आखणी पुरे होती. मग मी आणि काकूंनी बसून एक वाक्य तयार केलं. तयार वाक्याचा फायदा असा, की घसा दाटला तरी ते बाहेर पडतं. माझा मसुदा पुस्तकी होता, काकूंनी तो हसत बाजूला सारला आणि स्वतःचं केलं: "नात माझ्याजवळ आलीय, आता जायची नाही. का ते मला विचारू नका."

फोन त्यांनी माझ्याच खोलीतून लावला, स्पीकर चालू ठेवून. तिसऱ्या रिंगला पलीकडून आवाज आला.

"फिटरवहिनी? जिवंत आहात व्हय?"

काकूंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. ते वाक्य म्हटलं. शेवटचे दोन शब्द गिळले गेले. पलीकडे क्षणभर पंख्याचा आवाज.

"कधीपासून?"

"गेल्या फोनच्या आधीपासून."

"ते मला कळलंच होतं," गार्डवहिनी म्हणाल्या. "नातीचं विचारलं की तुम्ही एरवी अर्धा तास बोलता. त्या दिवशी चार शब्दांत आटपलं. जाऊ द्या. खाते का नीट? ती झेंडी पळवणारीच ना ही?"

मग पुढची वीस मिनिटं माझ्या वाट्याला काही काम नव्हतं. सुट्टीला आलेली सहा वर्षांची ही पोर, गार्डकाकांच्या बॅगेतून हिरवी झेंडी घेऊन पळाली होती. ड्यूटीची वेळ झालेली, काका युनिफॉर्मवर, सगळी आळी शोधतेय, आणि झेंडी सापडली कोंबड्यांच्या खुराड्यात. कारण विचारलं तर म्हणाली, कोंबड्या लाईन सोडून जातात. बाहेर बसलेल्या नातीला हसण्याचा आवाज ऐकू गेला. ती दार ढकलून आत आली. ही गोष्ट तिला कुणी कधी सांगितलीच नव्हती.

सगळं गोड झालं असं नाही. गार्डवहिनींनी शब्द पाळला, पण दीड महिन्यात बातमी दुसऱ्याच वाटेनं, नात्यागोत्यातून, सोलापूरला पोचली आणि तिथल्या एका जुन्या शेजाऱ्यानं थेट मुलाला फोन करून "वाईट वाटलं" म्हणून वीस मिनिटं चौकशा केल्या. मुलगा चिडून माझ्याकडे आला. मी त्याची समजूत घालत बसले नाही. असे फोन येतात. कारण न सांगता फोन ठेवायला त्यालाही एक वाक्य लागत होतं, ते आम्ही तयार केलं. तिकडे गार्डवहिनींचा मुलगा केंद्रातून घरी आला आणि महिन्याभरात पुन्हा प्यायला. ही खबर काकूंना त्याच संध्याकाळी मिळाली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, पण फोन मात्र दोनदा केला.

पंधरा प्रश्नांची चाचणी मी तीन महिन्यांनी पुन्हा घेतली. गुण उतरले होते. बी-ट्वेल्व्हचा वाटा किती आणि फोनचा किती, याचा हिशेब मी मांडत नाही.

मागच्या आठवड्यात काकूंचा निरोप आला, नातीनंच टाइप केलेला. गुरुवारची चारची वेळ बदलून मिळेल का, त्या वेळेला वहिनींचा फोन असतो. मी साडेपाचची दिली.