जर्मनीत शेजाऱ्यांना दिवाळीला बोलवताय? जेवणाचा घाट नको, फराळ ठेवा

तुमचा प्रश्न वाचला. नाशिकचं इंदिरानगर सोडून चार महिने झालेत, श्टुटगार्टजवळ नवं घर, बिल्डिंगमध्ये सहा बिऱ्हाडं, कुणाशीच 'हालो'च्या पुढे बोलणं गेलेलं नाही आणि जर्मन मोडकंतोडकं. दिवाळीला सगळ्यांना बोलवायचंय, तर साग्रसंगीत जेवण करावं का? मी त्याच भागात नऊ वर्षं काढून आता गंगापूर रोडला परत आलेय. माझं उत्तर सरळ आहे: जेवण करू नका.

मी केलं होतं. पहिल्याच दिवाळीला. मसालेभात, बटाट्याची भाजी, श्रीखंड आणि गरम पुऱ्या. निरोप दिला होता 'चारनंतर कधीही या'. आपल्याकडे याचा अर्थ साडेपाच. चारला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली, दारात सातजण ओळीनं, हातात फुलं, आणि मी गाऊनवर, डोक्याला तेल. पुढचा सव्वा तास मी कढईसमोर आणि पाहुणे बाहेर एकमेकांकडे बघत गप्प, कारण त्यांचीही आपापसात फारशी ओळख नव्हती. आठव्या पुरीला धुराचा अलार्म बोंबलायला लागला. तिकडे प्रत्येक घरात तो सक्तीचा असतो. नवरा स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालतोय, हे त्या संध्याकाळचं मुख्य दृश्य. खरं सांगायचं तर पाहुणे पहिल्यांदा मोकळे हसले ते तेव्हाच.

दुसऱ्या वर्षी अक्कल आली. पंचवटीत आमच्या वाड्यात आई दिवाळीला कधी कुणाला जेवायला बोलवायची नाही. ताटात दोन लाडू, चार चकल्या, मूठभर चिवडा, वर क्रोशाचा रुमाल, आणि 'जा, देऊन ये'. फराळ मुळात शेजाऱ्यांसाठीच आहे की! आठ दिवस आधी करून ठेवता येतो, गरम करावा लागत नाही, आणि तुम्ही माणसांत बसता. बेसनाचे लाडू, चकली, चिवडा, शंकरपाळे. एवढंच. चहा थर्मासमध्ये भरून ठेवा, म्हणजे ओट्याशी जायचं कारणच उरत नाही.

घरून मागवणार असाल तर दूध-खव्याची मिठाई नको; युरोपियन युनियनबाहेरून ती सामानातही नेता येत नाही आणि पार्सलनंही नाही. नाशिकचा चिवडा खुशाल मागवा. घरच्यांनी पाठवलेलं भेटीचं पार्सल ४५ युरोपर्यंत असेल तर त्यावर कर लागत नाही.

प्रत्येक वाडग्यासमोर एक चिठ्ठी ठेवा आणि त्यात काय काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहा. हे मात्र टाळू नका. चिवड्यात शेंगदाणे, चकलीत तीळ, लाडवात तूप आणि काजू, शंकरपाळ्यात मैदा आणि दूध. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी एक छुपी गोष्ट: आपल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. भाजणीत गहू नाही म्हणून चकली बिनधास्त पुढे करू नका, हिंगाची डबी वाचा.

आमंत्रण तीन आठवडे आधी, हातानं लिहून, प्रत्येकाच्या पत्रपेटीत. त्यात सुरुवातीची वेळ लिहाच, पण संपायचीही लिहा: चार ते सहा. आपल्याला हे उद्धट वाटतं, त्यांना हायसं वाटतं. २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. रविवारी तिकडे दुकानं बंद, तेव्हा दूध शनिवारीच आणून ठेवा. पाचच्या सुमारास अंधार पडतो, पणत्या लावायला झकास. पण त्या खिडकीत किंवा बाल्कनीत. जिन्यात नको, ती आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट. फटाके विसरा, सामान्य माणसाला तिथे ते ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीलाच उडवता येतात. ११ तारखेला सेंट मार्टिनचा दिवस असतो, त्यासाठी बालवाडीतली पोरं कागदाचे कंदील करतात. त्यांना सांगा, आपापला कंदील घेऊन या. तुमच्या आकाशकंदिलाशेजारी टांगला की पोरांचं आणि आईबापांचं, दोघांचंही बोलणं सुरू होतं.

'काही आणू नका' म्हणालात तरी ते आणणार, बहुधा वाइन. तुम्ही पीत नसलात तरी बाटली हातात घेऊन नाव वाचा. श्टुटगार्टमध्ये शहराच्या आतच द्राक्षमळे आहेत, आणि आपण तर द्राक्षांच्याच गावचे. 'आमच्याकडेही द्राक्षं, आमच्याकडेही वाइन' एवढं मोडकं वाक्य मला वर्षभर पुरलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चिवड्याला म्यूसली, म्हणजे दुधा-दह्यातून खायचं ओट्सचं मिश्रण, समजून दही मागितलं. दिलं. दही-चिवडा आपणही खातोच.

एक चूक मात्र मी दुसऱ्या वर्षीही केली. दाराबाहेर जिन्यात रांगोळी काढली. त्या भागात जिना झाडायची पाळी प्रत्येक बिऱ्हाडाला आठवडाभर असते, तिला म्हणतात केरवोख. (नावातच केर, विसरायला नको.) पाळी तळमजल्यावरच्या आजींची होती. त्या झाडू घेऊन वर आल्या, रांगोळी बघून थबकल्या आणि बेल वाजवून विचारलं, हे झाडलं तर तुमच्या देवाला राग येईल का? मी म्हटलं, नाही, झाडणं माझ्याकडे लागलं. मग त्याच आत येऊन बसल्या, चारच्या आधीच.

जाताना सगळ्यांना थोडा फराळ बांधून द्या, जॅमच्या रिकाम्या बरण्यांतून. बरणी रिकामी परत करायची नाही हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. डिसेंबरात आजींची बरणी दाराशी आली, आत दालचिनीच्या चांदण्यांसारखी बिस्किटं. झाकणाला माझ्यासारखीच चिठ्ठी: बदाम, साखर, दालचिनी, अंडं. आणि 'अंडं' खाली लाल पेननं दोन रेघा.